कंडरेजवळ भुलीची सुई घेताना: आधी, त्या दिवशी आणि नंतर

दसरा सरला की आमच्या दवाखान्यातली गर्दी बदलते. तापाचे पेशंट कमी होतात आणि कोपर धरून, खांदा धरून, मनगटाला फडकं बांधून माणसं यायला लागतात. बीड जिल्ह्यात, धारूर-वडवणीच्या डोंगरपट्ट्यात राहणाऱ्याला याचं कारण सांगावं लागत नाही. ऊसतोडीसाठी साखर कारखान्याकडे गाड्या निघायच्या असतात, मुकादमाकडून उचल घेऊन ती खर्चूनही झालेली असते, आणि कोयत्याचा हात मागच्या हंगामापासून दुखत असतो. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकाचा हात बसला की अख्खा कोयता बसतो. "डाक्टरसाहेब, लई दुखायलंय. एक सुई मारा, परवा गाडी जायलीय."

सुई मारली की पाच मिनिटांत दुखणं थांबतं. माणूस मूठ आवळून बघतो, हात झटकून बघतो, त्याच्या चेहऱ्यावरचा ताण उतरतो. माझं सांगणं त्या पाच मिनिटांबद्दलच आहे. तेवढ्या वेळात काहीच बरं झालेलं नसतं. भुलीच्या औषधानं फक्त दुखल्याची वर्दी मेंदूपर्यंत जायची थांबलेली असते. आणि ज्या कंडरेसाठी, म्हणजे आपण शीर म्हणतो तिच्यासाठी, सुई घेतली, तिच्यातल्या पेशींना त्याच औषधाचा त्रास होऊ शकतो, हे गेल्या पंधरा-वीस वर्षांतल्या प्रयोगांनी पुन्हापुन्हा दाखवलंय. म्हणून सुई घेऊच नका, असं मी म्हणणार नाही. मी स्वतः ती देतो. पण कशी घ्यायची, किती घ्यायची आणि नंतरचे पंधरा दिवस हाताला कसं जपायचं, हे घेणाऱ्यालाही कळलं पाहिजे आणि देणाऱ्यालाही.

सिरिंजमध्ये असतं काय

लोक सरसकट "स्टेरॉइडची सुई" म्हणतात, पण बहुतेक वेळा त्यात दोन औषधं मिसळलेली असतात. एक स्टेरॉइड, म्हणजे सूज उतरवणारं औषध: ट्रायमसिनोलोन किंवा मिथाइलप्रेडनिसोलोन. दुसरं भुलीचं औषध, आपल्याकडे बहुधा लिग्नोकेन. दात काढताना हिरडीत देतात ते हेच. स्वीडनमध्ये १९४३ साली ते तयार झालं आणि १९४८ साली बाजारात आलं. झायलोकेन हे त्याचं जुनं ब्रँडनाव इतकं रुळलंय की बरेच डॉक्टरही तेच म्हणतात. काही ठिकाणी जास्त वेळ टिकणारं ब्युपिव्हाकेन वापरतात, मोठ्या रुग्णालयांत रोपिव्हाकेनही मिळतं.

लिग्नोकेनचा असर दोन-चार मिनिटांत सुरू होतो आणि तास-दोन तास राहतो. ब्युपिव्हाकेन उशिरा चढतं, पण कित्येक तास टिकतं. काम सगळ्यांचं एकच: मज्जातंतूच्या आवरणात सोडियम आत घेणाऱ्या बारीक वाटा असतात, त्या हे औषध बंद करतं. सोडियम आत गेलं नाही की संदेश पुढे सरकत नाही आणि दुखणं कळत नाही. स्टेरॉइडचा गुण मात्र एक-दोन दिवसांनी दिसायला लागतो. म्हणजे खुर्चीतून उठताना जो आराम वाटतो, तो सगळा भुलीचा.

कंडरा म्हणजे आपण जिला "शीर" म्हणतो ती

आमच्याकडे शीर आखडली, शीर चढली असं म्हणतात, तेव्हा पुष्कळदा बोलणं कंडरेबद्दल असतं. स्नायूला हाडाशी बांधणारा हा दोर. अंबाडीच्या वाखाचा दोर कसा वळलेला असतो, आधी तंतू, मग पेड, मग दोर, तशीच तिची घडण. तंतू कोलॅजन नावाच्या प्रथिनाचे. त्या तंतूंच्या मधून, ओळीनं, लांबट पेशी बसलेल्या असतात. त्यांना टेनोसाइट म्हणतात. दोराची डागडुजी करणारे कामकरी म्हणजे ह्या पेशी. पण त्या मोजक्याच असतात, आणि कंडरेला रक्तपुरवठाही बेताचा, म्हणून तिला बरं व्हायला महिने लागतात.

ही डागडुजी किती संथ असते, याचा एक पुरावा मला फार मोलाचा वाटतो. १९५५ ते १९६३ या काळातल्या अणुचाचण्यांमुळे हवेत कार्बन-१४ हा किरणोत्सारी कार्बन वाढला होता आणि तो त्या काळच्या माणसांच्या शरीरात उतरला. डेन्मार्कच्या संशोधकांनी २०१३ साली टाचेच्या मोठ्या कंडरेतला हा कार्बन मोजला. कंडरेचा गाभा वयाच्या साधारण सतराव्या वर्षापर्यंत तयार होतो आणि त्यानंतर जवळजवळ बदलतच नाही, असं त्यांना आढळलं. हाड बदलत राहतं, कातडी बदलत राहते, हा दोर मात्र जन्मभराचा. त्याच्याजवळ काय टोचतो, याचा विचार म्हणूनच करायचा.

प्रयोगशाळेत काय दिसलं

खांद्याच्या शस्त्रक्रियेत निघालेले कंडरेचे तुकडे घेऊन त्यातल्या पेशी बशीत वाढवतात आणि त्यांच्यावर भुलीची औषधं घालून बघतात. लिग्नोकेन आणि ब्युपिव्हाकेन दोन्हींनी पेशी मरतात, उरलेल्यांची वाढ मंदावते. औषध जितकं तीव्र आणि जितका वेळ लागून राहील, तितकं नुकसान जास्त. पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकाँड्रियावर ताण येतो, पेशीत घातक ऑक्सिजन-रेणू साचतात आणि पेशी स्वतःला संपवण्याच्या वाटेला लागते. रोपिव्हाकेन कमी तीव्रतेला वापरलं तर त्रास बराच कमी दिसतो. स्टेरॉइड आणि भूल एकत्र घातली तर बऱ्याच प्रयोगांत एकेकट्यापेक्षा जास्त नुकसान झालं.

आता याची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. बशीतली पेशी औषधात बुडून बसलेली असते. शरीरात टोचलेलं औषध पातळ होतं, रक्त ते वाहून नेतं. उंदरांच्या टाचेच्या कंडरेशेजारी ब्युपिव्हाकेन टोचलं तेव्हा पेशी मेल्या, कंडरेची ताकदही घटली, पण हा परिणाम थोड्या काळापुरता होता. मला यातून धडा मिळतो तो असा: एका सुईनं कंडरा तुटत नाही, पण सुईनंतरचे काही दिवस ती नेहमीपेक्षा कच्ची असते. नेमकं याच दिवसांत दुखणं थांबलेलं असतं. परवाची गाडीही याच दिवसांत सुटते.

शेजारच्या ऊतीचा एक अनुभव तर थेट माणसांतला आहे. खांद्याच्या सांध्यात नळी ठेवून दोन-तीन दिवस सलग भुलीचं औषध सोडायची पद्धत परदेशात निघाली होती. त्यानंतर काहींच्या सांध्यातली कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरची गुळगुळीत गादी, विरघळून गेली. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २००९ साली अशा ३५ जणांची नोंद जाहीर करून इशारा दिला. यातले जवळजवळ सगळे खांद्याचे होते. थोडा वेळ आणि सलग दिवस, यातला फरक किती मोठा असतो ते यावरून कळतं.

पहिली पायरी: सुई हवी का, ते आधी ठरवा

कोपराच्या बाहेरच्या हाडाशी दुखत असेल तर घरीच बघा. कोपर सरळ ठेवा, तळहात जमिनीकडे, मनगट वर उचला आणि दुसऱ्याला ते खाली दाबायला सांगा. त्याच हाडाशी कळ आली तर बहुधा टेनिस एल्बो. नाव खेळाचं आहे, पण माझ्याकडे येणाऱ्यांत कुणीच टेनिस खेळलेलं नसतं. कोयता, खुरपं, फवारणीच्या पंपाचा दांडा आणि पिळून वाळत घातलेल्या गोधड्या, ही आमची कारणं.

ह्या दुखण्याला वर्षभरात बहुतेकांना आपोआप उतार पडतो. आणि इथं सुईबद्दलची महत्त्वाची गोष्ट येते. ऑस्ट्रेलियात टेनिस एल्बोच्या १६५ जणांवर झालेला अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. वर्षानंतर बरे झालेले लोक स्टेरॉइडच्या सुईवाल्यांत ८३ टक्के होते, नुसत्या मिठाच्या पाण्याच्या सुईवाल्यांत ९६ टक्के. दुखणं उलटलेले पहिल्या गटात ५४ टक्के, दुसऱ्यात १२ टक्के. पहिले काही आठवडे सुईचा गुण ठळक दिसतो, पुढे तो उलटा फिरतो. म्हणून कोपराला मी सुई शेवटी ठेवतो. आधी सहा आठवडे आराम-व्यायाम, लागलं तर पॅरासिटामॉल.

सगळ्या जागा सारख्या नसतात. बोट वाकवल्यावर खटका बसून अडकत असेल, किंवा अंगठ्याच्या बुडाशी मनगटात सूज असेल, तर तिथं कंडरेभोवतीच्या म्यानात दिलेल्या एका सुईनं बऱ्याच जणांना चांगला आराम पडतो आणि ऑपरेशन टळतं. कापूस वेचणाऱ्या बायकांना हे दुखणं फार. तिथं सुईला नको म्हणू नका.

टाचेमागची मोठी कंडरा आणि गुडघ्याच्या वाटीखालची कंडरा, ह्या दोन ठिकाणी मात्र स्टेरॉइडची सुई टाळा. ह्या कंडरा अंगाचा सगळा भार झेलतात आणि त्या तुटण्याचा धोका असतो. ओझं उचलताना कट्‌कन आवाज आला आणि त्यानंतर हात वरच जात नसेल, तर आधी तपासणी करा, सोनोग्राफी करा. तुटलेल्या कंडरेचं दुखणं सुन्न करून कामाला जाणं म्हणजे उरलेले पेडही तोडून घेणं.

दुसरी पायरी: डॉक्टरला सांगायच्या आणि विचारायच्या गोष्टी

पेशंट गप्प बसतो आणि डॉक्टर घाईत असतो. ह्या गोष्टी न विचारता सांगा: साखरेचा आजार आहे का, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का, दात काढताना भुलीच्या सुईनं कधी चक्कर किंवा पुरळ आलं होतं का, आणि ह्याच जागी आधी किती सुया झाल्यात, कधी झाल्यात. वेगवेगळ्या गावच्या वेगवेगळ्या दवाखान्यांत घेतलेल्या सुयाही मोजा.

एक प्रश्न मी मुद्दाम विचारतो, कारण तो कुणालाच महत्त्वाचा वाटत नाही: जुलाबासाठी किंवा लघवीच्या जळजळीसाठी हल्लीच सिप्रोफ्लॉक्सासिन, ऑफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिन यातली गोळी घेतलीय का? ह्या गटाच्या गोळ्यांनी कंडरा सुजू शकते, तुटूही शकते. अमेरिकेत २००८ पासून ह्या गोळ्यांवर तसा ठळक इशारा छापतात. साठीच्या पुढे आणि स्टेरॉइड सोबत असेल तर धोका वाढतो. मेडिकलवरून चिठ्ठीशिवाय दोन दिवसांच्या गोळ्या आणणाऱ्यांच्या हे ध्यानातही राहत नाही. रिकामं पाकीट सोबत आणा.

आणि विचारायचं काय? "साहेब, सुईत कोणकोणती औषधं आहेत? भुलीचं किती टक्क्याचं आहे? कंडरेत देणार की बाजूला? नंतर किती दिवस काम बंद ठेवू?" ह्यात उद्धटपणा काही नाही. चांगला डॉक्टर चारही उत्तरं देतो.

तिसरी पायरी: देणाऱ्यासाठी

हा भाग माझ्यासारख्या तालुक्याच्या, गावच्या डॉक्टरांसाठी आहे. मीही कित्येक वर्षं बाटलीतलं दोन टक्के लिग्नोकेन जसंच्या तसं भरायचो, कारण बाटली तीच मिळते आणि शिकताना कुणी वेगळं सांगितलं नव्हतं.

आपण पाठ केलेली मर्यादा आहे ती किलोमागे ४.५ मिलिग्रॅमची, अॅड्रेनलिनशिवाय. दोन टक्क्यांच्या एका मिलीत २० मिलिग्रॅम. म्हणजे ४० किलोच्या बाईला १८० मिलिग्रॅम, ९ मिलीपर्यंत चालतं. आपण देतो एक-दोन मिली, म्हणून निश्चिंत असतो. पण ती मर्यादा हृदय आणि मेंदूसाठी आहे, औषध सगळ्या अंगात पसरल्यावरची. कंडरेच्या पेशीला सगळ्या अंगाशी घेणं नाही. तिच्या अंगावर पडतं ते थेट बाटलीच्या तीव्रतेचं औषध. तिच्यासाठी मिलिग्रॅमपेक्षा टक्का जास्त मोलाचा.

म्हणून साधा बदल करा. एक मिली दोन टक्के लिग्नोकेनमध्ये एक मिली निर्जंतुक सलाइन घातलं की ते एक टक्का होतं. सुन्न करायला तेवढं पुरतं. बोटाच्या म्यानात जागा लहान, तिथं एकूण एक मिलीच्या आसपासच ठेवा. ब्युपिव्हाकेन "जास्त वेळ आराम पडेल" म्हणून निवडू नका. जास्त वेळ सुन्न हात म्हणजे जास्त वेळ बेफिकीर हात. अॅड्रेनलिन मिसळलेली बाटली इथं नकोच. ती जास्त आम्लधर्मी असते, शिवाय रक्तवाहिन्या आवळल्यामुळे औषध जागेवरच रेंगाळतं.

सुई कंडरेच्या आत द्यायची नाही, बाजूला किंवा म्यानात द्यायची. हाताला हे कळतं. दट्ट्या दाबताना जोर लागला तर थांबा, टोक कंडरेत आहे. किंचित मागे घ्या, औषध सहज जाईल. बोटाला देत असाल तर पेशंटला बोट हळूच हलवायला सांगा. सुई बोटासोबत हलली तर ती कंडरेत रुतलीय. सोनोग्राफीखाली देता आलं तर उत्तमच, पण तालुक्याला ती सोय रोजची नाही, आणि ह्या दोन खुणा फुकट आहेत.

भुलीच्या औषधाचा एक उपयोग मात्र निर्धास्त करा: खांद्याचं दुखणं नेमकं कुठून येतंय हे ठरत नसेल तेव्हा हाडाच्या छपराखाली नुसतं पातळ लिग्नोकेन देऊन पुन्हा हात उचलायला लावा. कळ गेली तर जागा सापडली. निदानासाठी एकदा दिलेलं पातळ औषध आणि दर महिन्याला दिलेली सुई, ह्यांची गोष्ट एक नाही. एका जागी किती सुया? दोन सुयांत कमीत कमी तीन महिने आणि वर्षात तीनच्या वर नाही, हे बरेच डॉक्टर पाळतात. दोनदा गुण आला नाही तर मी तिसरी देत नाही, निदान पुन्हा तपासतो.

चौथी पायरी: दोन तास, दोन दिवस, दोन आठवडे

सुईनंतर अर्धा तास दवाखान्यातच बसा. तोंडाभोवती मुंग्या, जिभेवर धातूसारखी चव, कानात घंटानाद, गरगरणं यातलं काही वाटलं तर लगेच सांगा. इतक्या कमी मात्रेत हे क्वचितच होतं, पण झालं तर दवाखान्यात झालेलं बरं.

पहिले दोन तास हात सुन्न असतो. मोटरसायकल चालवू नका, चुलीजवळ जाऊ नका, गाडीत पोतं चढवायला हात लावू नका. भूल उतरल्यावर दुखणं परत येतं. स्टेरॉइड असेल तर पहिले दोन दिवस आधीपेक्षा जास्तही ठणकतं. घाबरायचं नाही. थंड पाण्याची पट्टी, पॅरासिटामॉल पुरतं. साखरेच्या पेशंटची साखर काही दिवस वाढलेली राहते, ती तपासत राहा. दोन-तीन दिवसांनी ठणका, लाली, गरमपणा वाढतच गेला किंवा ताप आला तर वाट न बघता दवाखाना गाठा, तो जंतुसंसर्ग असू शकतो.

दोन आठवडे जड काम बंद. जेवणं, आंघोळ, कपड्याच्या घड्या चालतील. मोळी उचलणं, कोयता चालवणं, पाण्यानं भरलेली घागर, ज्वारी उपटणं नाही. हे सांगताना मला समोरच्या माणसाची अडचण ठाऊक असते. उचल अंगावर असते, मुकादम थांबत नाही. म्हणून माझी विनंती एवढीच आहे की सुई घ्यायचीच असेल तर गाडी निघायच्या आदल्या दिवशी घेऊ नका. पोळा झाला की या. सोयाबीनच्या काढणीआधी हात दाखवा. तेव्हा सहा आठवडे हातात असतात, आणि सहा आठवड्यांत पुष्कळदा सुईशिवाय भागतं.

पाचवी पायरी: कंडरेला काम द्या, पण मोजून

कंडरेच्या पेशी ओढ बसली की जाग्या होतात. नुसता आराम करून दोर मजबूत होत नाही. म्हणून दोन आठवड्यांनंतर, किंवा सुई घेतलीच नसेल तर आजपासून, हे सुरू करा.

बाजेच्या कडेला किंवा टेबलावर हात टेकवा, मनगट कडेबाहेर, तळहात खाली. अर्ध्या लिटरची पाण्याची बाटली निम्मी भरून हातात धरा. पहिल्या आठवड्यात मनगट सरळ ठेवून ३० ते ४५ सेकंद नुसतं धरून ठेवायचं, मध्ये दम घेऊन असं पाच वेळा. नंतर दुसऱ्या हातानं बाटली वर न्यायची आणि दुखऱ्या हातानं मनात पाच मोजत हळूहळू खाली सोडायची. १५ वेळा, अशा तीन फेऱ्या, दिवसातून एकदा. सोपं वाटायला लागलं की बाटली पूर्ण भरा, मग एक लिटरची घ्या. बारा आठवडे.

थोडं दुखलं तर चालतं. दहापैकी तीन-चार इतकं. खरी परीक्षा दुसऱ्या दिवशी सकाळी. उठल्यावर कालच्यापेक्षा जास्त दुखत असेल तर पाणी कमी करा, व्यायाम बंद करू नका.

अवजाराकडेही बघा. बोथट कोयत्याला प्रत्येक घावाला जास्त जोर लागतो, त्याची धार रोज बघा. मूठ बारीक असेल तर सायकलची जुनी ट्यूब गुंडाळून जाड करा, म्हणजे आवळून धरावं लागत नाही. कोपराच्या दोन बोटं खाली बांधायचा पट्टा कामाच्या वेळी वापरा, रात्री काढा.

आणि एक चिठ्ठी. सुई घेतली की डॉक्टरकडून कागदावर लिहून घ्या: तारीख, कोणता हात, कोणती जागा, स्टेरॉइडचं नाव आणि मात्रा, भुलीच्या औषधाचं नाव आणि टक्का, कितवी सुई. हंगामात हात पुन्हा दुखला तर तुम्ही सांगलीच्या, कोल्हापूरच्या किंवा बेळगावच्या एखाद्या दवाखान्यात जाल. तिथल्या डॉक्टरला तुमचा हात पहिल्यांदाच दिसणार आणि तो पुन्हा पहिलीच सुई समजून भरेल. ती चिठ्ठी आधार कार्डाच्या प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा, म्हणजे कोपीत पाऊस शिरला तरी भिजत नाही.